पहिलं पान

पहिल्या नंबरवरून आपल्याकडे किती राजकारण चालतं हे होस्टेलवर राहणाऱ्यांना सांगायला नको. गॅदरिंगच्या स्टेजवर कुणाचं नाव आधी पुकारलं, प्रोजेक्टच्या रिपोर्टवर कुणाचं नाव वर छापलं, यावरून रूम पार्टनर आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून यंदाच्या मराठी विभागासाठी मी अशा एका सेनानीवर लिहायचं ठरवलं, ज्यांनी लढून मिळवलेला पहिला मान दुसऱ्याला जाऊ दिला. तोही ज्या घराण्याशी आपलं जुनं वैर, त्या घराण्याला! त्यांचं नाव कान्होजी नाईक जेधे. गाव कारी, तालुका भोर.

मी शिकलो कॉन्व्हेंटमध्ये. तिथल्या लायब्ररीत महायुद्धाची पुस्तकं भरपूर, त्यामुळे जर्मन सेनापतींची नावं मला तोंडपाठ होती. कान्होजी मात्र भेटले ते इंजिनिअरिंगला आल्यावर, भोर-वेल्ह्याच्या ट्रेकमुळे. रायरेश्वराला जाताना वाटेत आंबवडे गाव लागतं. नागेश्वराचं देऊळ आणि संस्थान काळातला झुलता पूल यासाठी ते प्रसिद्ध आहे. आम्ही सिव्हिलवाले साहजिकच पुलाच्या केबल बघत बसलो. कान्होजींची समाधी याच गावात आहे. तेव्हापासून मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

कान्होजींचं आयुष्य सुरू झालं तेच संकटात. जेधे घराण्याच्या करिन्यात अशी हकीकत आहे की वतनाच्या लोभाने त्यांच्या वडिलांचा, नाईकजींचा, सख्ख्या भावांनीच खून केला. तान्ह्या कान्होजीला देवजी महाला नावाच्या इमानी माणसाने वाचवलं आणि मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांच्या आश्रयाला नेलं. पुढे पासलकरांनी आपली मुलगी सावित्री त्यांना दिली. वतनापायी घरातली माणसं काय करू शकतात, हे कळायच्या वयाआधीच त्यांनी भोगलं होतं. पुढचं वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

मोठेपणी ते रोहिड खोऱ्याचे देशमुख झाले आणि शहाजीराजांच्या पदरी लढले. जुलै १६४८ मध्ये जिंजीजवळ आदिलशाहीने शहाजीराजांना कैद केलं, तेव्हा कान्होजीही कैदेत पडले. मे १६४९ मध्ये सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना शपथ घालून शिवाजी महाराजांकडे पाठवलं. महाराज तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे, म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या मुलांएवढे. कान्होजी वयाने आणि अनुभवाने कितीतरी मोठे, तरी त्यांनी या तरुण राजाची चाकरी मनापासून केली.

खरी परीक्षा आली १६५९ साली. अफजलखान प्रचंड फौज घेऊन वाईकडे निघाला. जून महिन्यात आदिलशाहीचं फर्मान मावळातल्या देशमुखांना आलं, तसं कान्होजींनाही आलं. खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा, असा त्याचा सरळ अर्थ होता. शेजारच्या उत्रौलीचे खंडोजी खोपडे लगेच खानाला जाऊन मिळाले. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण हिशोब करून पाहिला तर त्या वेळी जिंकण्याची शक्यता खानाचीच जास्त होती. वतन म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची जमीन, हक्क, पोटापाण्याची सोय. महाराज हरले असते तर जेध्यांच्या हाती काहीच उरलं नसतं.

कान्होजी ते फर्मान आणि आपले पाचही मुलगे घेऊन राजगडावर गेले. महाराजांनी त्यांना मोकळेपणाने विचार करायला सांगितलं, वतन जाईल याची कल्पनाही दिली. त्यावर कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलं. ज्या वतनासाठी त्यांच्या बापाचा खून झाला, तेच वतन! बायकामुलांना दगाफटका नको म्हणून महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी कुटुंब तळेगाव ढमढेऱ्याला हलवलं आणि स्वतः मावळच्या इतर देशमुखांना स्वराज्याच्या बाजूला वळवायला लागले.

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाची भेट आपल्याला पाठ असते, पण भेटीनंतर काय झालं ते आपण फारसं वाचत नाही. खानाची फौज गडाखाली पार गावाजवळ तळ देऊन होती. जावळीचं रान एवढं दाट की तिथे हत्ती, उंट आणि मोठं घोडदळ उपयोगाचं नाही. तिथे चालतो तो पायी लढणारा, वाटा माहीत असलेला मावळा. कान्होजींचं आणि बांदलांचं पायदळ या रानात दबा धरून बसलं होतं. गडावरून तोफेची इशारत झाली आणि बेसावध तळावर हे लोक तुटून पडले. आजच्या भाषेत सांगायचं तर हे इन्फन्ट्रीचं ऑपरेशन होतं. जागा, वेळ आणि सिग्नल, तिन्ही गोष्टी आधी ठरलेल्या.

विजयानंतर खंडोजी खोपडे जीव मुठीत धरून लपले. गुंजण मावळच्या, म्हणजे वेल्हे भागातल्या हैबतराव शिळीमकरांमार्फत त्यांनी कान्होजींकडे रदबदली केली. कान्होजींनी महाराजांपाशी शब्द टाकला. महाराजांनी जीव घेतला नाही, पण फितुरीची शिक्षा म्हणून उजवा हात आणि डावा पाय कलम केला. शब्द मोडला नाही आणि गुन्हाही सोडला नाही. कान्होजींनी तो निवाडा मानला.

प्रतापगडच्या कामगिरीबद्दल जेध्यांना तलवारीच्या पहिल्या पानाचा मान मिळाला. दरबारात सगळ्या सरदारांच्या आधी मान त्यांचा. आज आपण ज्याला सर्वोच्च पदक म्हणू, तसंच काहीसं.

पण वर्षही सरलं नाही तोच पन्हाळ्याचा वेढा पडला. १२ जुलै १६६० च्या पावसाळी रात्री महाराज सुमारे सहाशे बांदल मावळ्यांसह विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बांदलांचे देशपांडे बाजीप्रभू आणि त्यांच्याबरोबरचे मावळे पडले, महाराज सुखरूप पोचले. बाजीप्रभूंना सगळा महाराष्ट्र ओळखतो. ते आणि हे बहुतेक मावळे याच भोर भागातल्या हिरडस मावळातले.

या बलिदानासाठी महाराजांनी पहिल्या पानाचा मान बांदलांना द्यायचं ठरवलं. तो मान होता जेध्यांकडे. जेधे आणि बांदल यांची खोरी शेजारी शेजारी, हद्दीवरून आणि वतनावरून जुनं भांडण, त्यात दोन्हीकडची माणसं मारलेली. तरीही कान्होजींनी पहिलं पान बांदलांना जाऊ दिलं आणि स्वतः दुसऱ्या मानावर आले. त्यानंतर ते फार काळ जगले नाहीत.

इथे मला माझ्या लायब्ररीतला रोमेल आठवतो. ऑक्टोबर १९१७ मध्ये या तरुण जर्मन पायदळ अधिकाऱ्याने इटलीच्या सीमेवर माताजूर शिखर जिंकलं, हजारो कैदी पकडले. पण त्याचं श्रेय आणि पदक आधी दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळालं. रोमेल चिडला, त्याने तक्रार केली आणि डिसेंबरमध्ये तेच सर्वोच्च पदक त्यालाही मिळालं. त्याची तक्रार खोटी नव्हती. हक्काचं मागणं हा गुन्हा नाही, आपणही रीचेकिंगला पेपर टाकतोच की! पण हक्काचं मागायला जेवढी हिंमत लागते, त्यापेक्षा जास्त हिंमत हक्काचं सोडायला लागते, असं मला कान्होजींकडे पाहून वाटतं.

आणखी एक गोष्ट. कारीच्या जेध्यांनी जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. त्यातूनच १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीख पुढे आली. दरवर्षी आपण ज्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी घेतो, ती तारीख याच घराच्या दप्तरातली. मान सोडला तरी घराणं पुसलं गेलं नाही.

पुढच्या वेळी रायरेश्वराला किंवा रोहिड्याला जाल तेव्हा आंबवड्याला दहा मिनिटं थांबा. पूल बघाच, पण समाधीपाशीही जाऊन या.