तत्त्वज्ञानाच्या वर्गांतील मार्टिन लूथर

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत विद्येविषयीं दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, मुलगा कॉलेजांत जाऊन तत्त्वज्ञानाचीं पुस्तकें वाचूं लागला कीं त्याचा विश्वास गेलाच असें समजावें. दुसरे कोणी पदवीस इतका मान देतात कीं, पदवी नसलेल्या प्रचारकानें उपदेशास उभें राहावें हेंही त्यांस रुचत नाहीं. ह्या दोन्ही मतांस उत्तर देईल असें एक चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. मार्टिन लूथर हें नांव आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. परंतु तो सुधारक होण्यापूर्वीं चार वर्षें तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता व पुढें त्याच विषयाचा शिक्षकही झाला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल.

बाळपण

लूथर ह्याचा जन्म जर्मनी देशांत आइसलेबेन गांवीं १० नोव्हेंबर १४८३ रोजीं झाला. त्याचा बाप हान्स हा शेतकऱ्याच्या कुळांतला. तो तांब्याच्या खाणींच्या धंद्यांत शिरला आणि मान्सफेल्ट येथें राहून कष्टानें वर आला. मुलानें कायदेपंडित व्हावें व घराण्याचें नांव वाढवावें, ही त्याची उमेद होती. मान्सफेल्ट, माग्डेबुर्ग व आइसेनाख येथील शाळांत मार्टिन लॅटिन भाषा शिकला. शाळेंत असतां तो इतर मुलांबरोबर दारोदार गाणीं गाऊन भाकरी मिळवीत असे. आपल्याकडे पूर्वीं विद्यार्थी माधुकरी मागत, तसाच हा प्रकार होता.

एरफुर्ट येथील विद्याभ्यास

सन १५०१ मध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, तो एरफुर्टच्या विश्वविद्यालयांत दाखल झाला. वैद्यक, कायदा किंवा ईश्वरज्ञान ह्यांपैकीं कोणतीही विद्या संपादन करावयाची असल्यास त्या काळीं आधीं तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा लागे. विद्यार्थी वसतिगृहांत राहत, पहाटे उठत, नेमलेला पोशाख घालीत व आपसांत लॅटिन बोलत.

शिकविण्याच्या मुख्य रीती दोन होत्या. पहिली व्याख्यानाची. गुरु आसनावर बसून प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ता आरिस्टाटल ह्याचा ग्रंथ वाची, एकेक वाक्याचा अर्थ सांगे, आणि विद्यार्थी तो लिहून घेत. दुसरी रीत वादाची. एक सिद्धांत मांडण्यांत येई. एका विद्यार्थ्यानें तो राखावयाचा, दुसऱ्यांनीं त्यावर पूर्वपक्ष करावयाचा, आणि शेवटीं गुरूनें निर्णय द्यावयाचा. शब्दाचा अर्थ ठरविल्यावांचून पुढें जाण्याची तेथें सोय नसे. आवाज चढवून किंवा थोरांचीं नांवें घेऊन कोणाची सुटका होत नसे. प्रथम तर्कशास्त्र, मग सृष्टि व आत्मा ह्यांविषयींचे ग्रंथ, आणि वरच्या पदवीकरितां नीतिशास्त्र, सत्तत्त्वविचार, भूमिति व ग्रहज्योतिष, असा क्रम होता.

सन १५०२ मध्यें लूथरनें पहिली पदवी घेतली, तेव्हां ५७ विद्यार्थ्यांत त्याचा क्रम तिसावा होता. परंतु जानेवारी १५०५ मध्यें त्यानें वरची पदवी मिळविली, तेव्हां सतरांत तो दुसरा आला. वादांत तो निपुण झाला होता, ल्यूट नांवाचें तंतुवाद्य वाजवी, आणि मित्रांत त्याची ख्याति तत्त्ववेत्ता म्हणूनच होती. बापास एवढा आनंद झाला कीं, तो आपल्या मुलास 'तूं' म्हणावयाचें सोडून 'तुम्ही' म्हणूं लागला, आणि कायद्याचा मोठा किंमती ग्रंथ त्यानें त्यास घेऊन दिला.

योडोकुस ट्रुटफेटर आणि उसिंगेनचा बार्थोलोमेउस आर्नोल्डी हे त्याचे प्रमुख गुरु होत. तत्त्ववेत्ता कितीही थोर असला तरी त्याचें म्हणणें तर्कानें व अनुभवानें पारखावें, आणि धर्माच्या बाबतींत देवाच्या प्रकटीकरणास वरचें स्थान द्यावें, असें ते शिकवीत. हें बीं शिष्याच्या मनांत खोल गेलें.

तथापि ह्या वर्गांत एक मोठी उणीव होती. तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथावर रोज व्याख्यान होई. पण संपूर्ण पवित्र शास्त्र लूथरनें वीस वर्षांचा होईपर्यंत पाहिलेंच नव्हतें. तें त्यास ग्रंथालयांत प्रथम आढळलें, आणि त्यांतील हन्ना व शमुवेल ह्यांची कथा वाचून तो हर्षला, असें त्यानें पुढें सांगितल्याचें नमूद आहे.

मठ आणि मनाची तळमळ

सन १५०५ च्या मे महिन्यांत तो कायद्याचा अभ्यास करूं लागला. २ जुलै रोजीं घरून एरफुर्टास परत येत असतां श्टोटर्नहाइम गांवाजवळ त्यास भयंकर वादळानें गांठलें. वीज जवळच पडली. मरणाच्या भीतीनें त्यानें संत अॅना हिचा धांवा करून संन्यासी होण्याचा नवस केला, आणि १७ जुलै रोजीं ऑगस्टिनच्या पंथाच्या मठांत प्रवेश केला. बाप इतका रागावला कीं, 'तुम्ही' जाऊन पुन्हां 'तूं' आलें.

येथें आमच्या वाचकांनीं थोडें थांबून विचार करावा. चार वर्षें तर्कशास्त्र शिकलेला, सतरांत दुसरा आलेला हा तरुण; पण मरण समोर उभें राहिलें तेव्हां त्याच्या विद्येंत त्यास पाय टेकावयास जागा सांपडली नाहीं. मठांत त्यानें उपास केले, जागरणें केलीं, पापांची कबुली वारंवार दिली; तरी मी देवापुढें कसा उभा राहूं, हा प्रश्न सुटेना.

शिष्याचा शिक्षक झाला

सन १५०८ मध्यें वरिष्ठांनीं त्यास विटेनबेर्ग येथें पाठविलें. सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक ह्यानें १५०२ मध्यें स्थापिलेल्या तेथील विश्वविद्यालयांत त्यानें आरिस्टाटलच्या नीतिशास्त्रावर व्याख्यानें द्यावयाचीं होतीं. त्यानें काम केलें, पण मन रमलें नाहीं. १५०९ मध्यें आइसेनाखच्या एका वृद्ध धर्मगुरु मित्रास त्यानें कळविलें कीं, हा अभ्यास आपणांस जड जातो व त्याच्या जागीं ईश्वरज्ञान मिळालें तर फार बरें.

ज्या ग्रंथावर तो व्याख्यानें देई, त्यांतच त्याच्या पुढील झगड्याचें मूळ होतें. आरिस्टाटल म्हणतो कीं, वाद्य वाजवून वाजवून मनुष्य वादक होतो, तसा न्यायाचीं कृत्यें करून करून तो न्यायी होतो. संसाराच्या कामांत हें खरें आहे. सुतार रंधा मारून मारूनच सुतार होतो. परंतु विश्वविद्यालयांतील पंडितांनीं हाच नियम तारणाच्या कामीं लावला होता. मनुष्यानें आपल्या अंगीं जें आहे तेवढें करावें, म्हणजे देव त्यावर कृपा करील, असें ते शिकवीत. लूथरनें तसेंच करून पाहिलें होतें, आणि आपण पुरेसें केलें असें त्यास एक दिवसही वाटलें नव्हतें.

१५१२ च्या ऑक्टोबरांत तो ईश्वरज्ञानाचा डॉक्टर झाला व विटेनबेर्ग येथें पवित्र शास्त्रावर व्याख्यानें देऊं लागला. १५१३ पासून स्तोत्रें, मग रोमकरांस पत्र, गलतीकरांस पत्र व इब्री लोकांस पत्र, असे विषय त्यानें घेतले. विद्यार्थ्यांकरितां तो मूळ पाठ ओळी विरळ ठेवून व रुंद समास सोडून छापून घेई, म्हणजे अर्थ तेथेंच लिहितां येत असे. वर्गाची रीत जुनीच होती. ग्रंथ मात्र बदलला होता.

ह्या अभ्यासांत रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायांतील देवाचें नीतिमत्त्व ह्या शब्दांपाशीं तो अडला. ज्या न्यायानें देव पाप्यास शिक्षा करितो तो, असा अर्थ त्यास शिकविण्यांत आला होता, आणि त्या अर्थाची त्यास धास्ती वाटे. एरफुर्टच्या वर्गानें लाविलेली संवय येथें कामास आली. त्यानें शब्द सोडला नाहीं. मागचा पुढचा संबंध पाहत तो रात्रंदिवस त्यावर विचार करीत राहिला. शेवटीं त्यास दिसलें कीं, ज्या नीतिमत्त्वानें दयाळू देव विश्वासाच्या द्वारें पाप्यास नीतिमान ठरवितो, तें हें नीतिमत्त्व आहे. झाड आधीं चांगलें व्हावें लागतें, मग फळ चांगलें येतें. तर्कानें हें सत्य निर्माण केलें नाहीं. तें शास्त्रांत होतें. पण प्रत्येक शब्दाचा जाब विचारण्याचें शिक्षण मिळालेल्या मनुष्यास देवानें तें दाखविलें.

गुरूंचा वियोग

४ सप्टेंबर १५१७ रोजीं त्याच्या एका शिष्यानें पदवीकरितां वाद केला. त्यासाठीं लूथरनें ९७ सिद्धांत लिहून दिले होते. कृत्यांनीं मनुष्य नीतिमान होत नाहीं, नीतिमान ठरल्यावर तो चांगलीं कृत्यें करितो, हें त्यांत स्पष्ट होतें. क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धचे प्रसिद्ध ९५ सिद्धांत त्यानंतर ३१ ऑक्टोबर रोजीं पुढें आले. तेही वादाकरितांच मांडिलेले होते. एप्रिल १५१८ मध्यें हायडेलबेर्ग येथें त्यानें पुन्हां वाद चालविला. तो ऐकणाऱ्या तरुणांपैकीं मार्टिन बुत्सर व योहान ब्रेन्ट्स हे पुढें सुधारणेचे पुढारी झाले.

हें सर्व जुन्या गुरूंस आवडलें नाहीं. मे १५१८ मध्यें लूथरनें ट्रुटफेटर ह्यास आदरानें पत्र लिहिलें, आणि शास्त्राच्या ग्रंथांवरच पूर्ण विश्वास ठेवावा व इतर सर्व ग्रंथ पारखावे, हें आपण प्रथम तुमच्यापासूनच शिकलों, अशी त्यास आठवण दिली. गुरूचें मन वळलें नाहीं. पुढच्याच वर्षीं तो वारला. उसिंगेनकर आर्नोल्डी तर उघड विरोधक झाला. सत्याकरितां गुरूशीं मतभेद करावा लागला, तरी त्याचें ऋण नाकारावयाचें नाहीं, हें ह्यावरून शिकण्यासारखें आहे.

विद्येचें योग्य स्थान

लूथरनें तत्त्वज्ञान अजीबात टाकिलें असें कित्येक समजतात. तें बरोबर नाहीं. १५२० मध्यें विश्वविद्यालयांच्या सुधारणेविषयीं लिहितांना आरिस्टाटलचे सृष्टि, आत्मा, सत्तत्त्व व नीति ह्यांवरील ग्रंथ काढून टाकावे असें तो म्हणाला. पण तर्क, वक्तृत्व व काव्य ह्यांवरील ग्रंथ ठेवावे, त्यांनीं तरुणांस नीट बोलण्याचें व उपदेश करण्याचें वळण लागतें, असेंही त्यानेंच सुचविलें. १५२१ मध्यें वर्म्सच्या सभेंत बादशहापुढें उभा राहिला असतां, शास्त्राच्या साक्षीनें किंवा उघड कारणांनीं माझी खात्री करून द्या, एवढीच त्याची मागणी होती. १५३६ मध्यें मनुष्याविषयीं लिहिलेल्या सिद्धांतांत त्यानें बुद्धि ही ह्या जीवनांतील श्रेष्ठ देणगी म्हणून गौरविली. मात्र मनुष्य देवापुढें कोण आहे, हें तिला आपल्या बळावर कळत नाहीं, असें दाखविलें. दिव्यानें घर झाडावें, सूर्य शोधूं नये, तसेंच हें आहे.

आणि ही विद्या अखेर कोठें पोंचली? १५२८ मध्यें सॅक्सनीच्या खेड्यांतून फिरतांना लूथरला दिसलें कीं, लोकांस प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञाही येत नाहींत, आणि कित्येक पाळकांस शिकवितां येत नाहीं. तेव्हां १५२९ मध्यें त्यानें लहान प्रश्नोत्तरावली लिहिली. घरधन्यानें मुलांस व चाकरांस एकेक वाक्य विचारावें, त्याचा अर्थ सांगावा, अशी तिची रचना आहे. पदवीच्या वादांतील प्रश्न व उत्तर, शब्द व त्याचा अर्थ, हीच रीत शेतकऱ्याच्या चुलीपाशीं येऊन बसली, असें आम्हांस वाटतें.

लूथर निर्दोष नव्हता. १५२५ मध्यें बंड करणाऱ्या शेतकऱ्यांविरुद्ध आणि १५४३ मध्यें यहूदी लोकांविरुद्ध त्यानें जें लिहिलें तें कठोर व दुःखदायक आहे, आणि यहूद्यांविरुद्धच्या त्या लेखनाचा पुढील काळांत फार वाईट उपयोग झाला. डॉक्टरची पदवी किंवा सुधारकाचें नांव मनुष्यास पापापासून राखीत नाहीं. त्यालाही त्याच कृपेची गरज असते. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं, जेथें जन्मला त्याच आइसलेबेन गांवीं, तो मरण पावला.

प्रचारक बंधूंनो, ज्यांस वर्गांत बसण्याची संधि मिळते त्यांनीं ती भिऊन सोडूं नये. शब्द तोलणें, दुसऱ्याचा आक्षेप शांतपणें ऐकणें, आणि माहीत आहे तेवढेंच बोलणें, हें शिक्षण गांवच्या चावडीवरही उपयोगी पडतें. आणि ज्यांस ती संधि मिळाली नाहीं त्यांनीं मन खचूं देऊं नये. विजेच्या कडकडाटांत विद्वान लूथरला जें ठाऊक नव्हतें, तें आज आपल्या मंडळीतील अक्षरशून्य म्हातारीसही ठाऊक असूं शकतें. तिला तें समजावून सांगणें, तिच्या भाषेंत व तिच्या ओसरीवर बसून, हेंच सर्व विद्येचें सार्थक आहे.