विक्रम साराभाई

मुलांनो, २०१२ साली पावसाने दगा दिला आणि आपल्या जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. बाग हिरवी आहे की वाळते आहे, हे आज उपग्रह आकाशातून टिपतो. या कामाचा पाया आपल्या देशात डॉ. विक्रम साराभाई यांनी घातला.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादला एका श्रीमंत घरात झाला. केंब्रिजला शिकून ते मायदेशी परतले. गरीब देशाला हा खर्च कशाला, असे लोक विचारीत. साराभाईंना चंद्राची हौस नव्हती. शेत, पाऊस आणि शिक्षण यांसाठी त्यांना अवकाशविज्ञान हवे होते.

केरळात नारळाच्या झाडांना रोग लागला. तेव्हा आपल्याजवळ उपग्रह कुठला? साराभाईंचे सहकारी पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून खास फिल्मवर छायाचित्रे घेतली. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परत फेकते, रोगट पान कमी. त्यामुळे आजारी झाडे छायाचित्रात वेगळी उठून दिसली.

३० डिसेंबर १९७१ रोजी, अवघ्या ५२व्या वर्षी, साराभाई वारले. एकही भारतीय उपग्रह त्यांना पाहायला मिळाला नाही. पृथ्वी न्याहाळणारा आपला पहिला उपग्रह 'भास्कर' ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत रॉकेटवरून उडाला. त्याचे वजन ४४२ किलो, म्हणजे एखाद्या दांडग्या बैलाएवढेच!