ताराबाई मोडक : आधी शिकणे, मग शिकवणे

प्रास्ताविक

चरित्र या साहित्यप्रकाराचा विचार करताना आपण पाहिले की, चरित्रकार आयुष्यातील सर्वच घटना सारख्या विस्ताराने सांगत नाही. कोणता टप्पा केंद्रस्थानी ठेवायचा, यावर चरित्राचा आशय ठरतो. ताराबाई मोडक यांचे नाव घेताच बोर्डी, कोसबाडची टेकडी आणि आदिवासी मुलांच्या बालवाड्या आपल्या डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र आपण त्याआधीच्या टप्प्याकडे लक्ष देणार आहोत. त्या टप्प्यात ताराबाई स्वतः नवशिक्या शिक्षिका होत्या. तुमच्यापैकी अनेक जण पदवीनंतर अध्यापनाच्या अभ्यासक्रमाकडे वळतील आणि सरावपाठासाठी वर्गासमोर उभे राहतील. त्या दृष्टीनेही हा टप्पा तुमच्या उपयोगाचा आहे.

पद आणि पात्रता

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केसकर. घरातील वातावरण प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे असल्यामुळे त्यांना शिक्षणाची वाट मोकळी मिळाली. 1914 साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया फारच थोड्या होत्या. 1915 मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्या अमरावतीस राहू लागल्या. मात्र हे वैवाहिक जीवन टिकले नाही. 1921 च्या सुमारास त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरी एक लहान मुलगी होती आणि पुढचा मार्ग एकटीलाच काढायचा होता.

याच काळात राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. ते पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत्या. शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेचे प्रमुखपद म्हणजे मान, स्थैर्य आणि नियमित उत्पन्न. पतीपासून वेगळे राहणाऱ्या स्त्रीला त्या काळच्या समाजात या तिन्हींची किती गरज होती, हे वेगळे सांगायला नको. तरीही 1923 साली ताराबाईंनी ते पद सोडले आणि त्या भावनगरला गेल्या.

येथे थोडे थांबून विचार करा. प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी इतरांच्या पाठांचे मूल्यमापन करायचे असते. पाठाची मांडणी, फलकलेखन, प्रश्नांचा क्रम या गोष्टी बाहेरून तपासता येतात. परंतु समोरचे मूल शिकते कसे, हा प्रश्न त्या तपासणीत सुटेलच असे नाही. ताराबाई भावनगरला गेल्या त्या याच प्रश्नाच्या वाटेने.

भावनगरची नऊ वर्षे

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी वकिली सोडून बालशिक्षणाला वाहून घेतले होते. मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता, पण गोष्टी, गाणी, नाटके आणि लोकसाहित्य यांची जोड देऊन त्यांनी ती पद्धत आपल्या मातीत रुजवली. त्यांच्या शाळेत शिक्षेचा धाक नव्हता आणि बक्षिसाचे आमिषही नव्हते. मुलांवरील मायेमुळे लोक त्यांना मिशाळ आई म्हणून ओळखू लागले.

अशा ठिकाणी येणाऱ्या नव्या शिक्षिकेचे पहिले काम म्हणजे पाहणे. मूल एखाद्या साधनाशी किती वेळ रमते, कोठे अडखळते, अडखळल्यावर स्वतःच वाट शोधते की मदतीची वाट पाहते, याचे अवलोकन तिने करायचे. मूल कामात गढलेले असताना मध्ये न बोलण्याचा संयम तिला शिकावा लागे. बोलण्याची सवय असलेल्या शिक्षकाला हा संयम सर्वांत अवघड वाटतो. प्राचार्यपदावरून आलेल्या ताराबाईंनी अशा शाळेत शिकणाऱ्याची जागा पत्करली. भाषाही गुजराती होती. त्या भाषेत त्या इतक्या रुळल्या की गिजुभाईंबरोबर गुजराती शिक्षणपत्रिकेच्या संपादनाचे काम त्यांनी केले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, तेव्हा त्या कार्यातही त्या अग्रभागी होत्या. सुमारे नऊ वर्षे त्या भावनगरला होत्या. एका शिक्षिकेच्या घडणीला एवढा काळ लागला, हे लक्षात घ्या.

शिकण्याची परंपरा

मुंबईला परतल्यावर 1933 मध्ये त्यांनी मराठी शिक्षणपत्रिका सुरू केली आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहाराची स्थापना केली. येथवर त्यांच्या कामाचे क्षेत्र मुख्यतः शहरी होते. 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि त्यांना पुन्हा नव्याने शिकावे लागले. माँटेसरी साधने महाग असल्याने ती खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, बिया, पाने, खडे ही परिसरातील साधने वर्गात आली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या आणि घराच्या अंगणातच बालवाडी भरू लागली. त्यातून अंगणवाडी ही कल्पना आकाराला आली. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडला हलले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळेचा प्रयोग झाला. मूल जेथे आहे तेथे शिक्षकाने जावे, हे त्यामागील सूत्र होते.

बोर्डीच्या कामात ताराबाईंना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण 1929 सालीच पूर्ण केले होते. नाशिक जिल्ह्यातील चांदोरी आणि पुण्याची हुजूरपागा येथील अनुभवही त्यांच्या गाठीशी होता. तरीही बालशिक्षणाच्या क्षेत्रात त्या ताराबाईंच्या शिष्या झाल्या. भावनगरला ताराबाईंनी जे केले, तेच अनुताईंनी बोर्डीला केले. 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, 1975 मध्ये, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

तुमच्या सरावपाठाच्या संदर्भात

आता हे चरित्र आपल्या परिसरात आणून पाहू. समजा, छात्रसेवाकालासाठी तुम्हाला धाराशिव तालुक्यातील बेंबळी येथील प्राथमिक शाळा मिळाली आहे. पाठटाचण तयार आहे, तक्ते रंगवून झाले आहेत, मागच्या बाकावर निरीक्षक बसले आहेत. तुम्ही प्रश्न विचारता आणि वर्ग गप्प राहतो. अशा वेळी नवशिक्या शिक्षकाचे लक्ष मुलांवरून उडून निरीक्षकांच्या वहीकडे जाते. पाठ बिघडण्याचे खरे कारण बहुधा येथेच असते.

ताराबाईंच्या आयुष्यातून अशा वेळी तीन गोष्टी घेता येतील. पहिली, पाठ घेण्याआधी काही दिवस वर्ग नुसता पाहा आणि नोंदी ठेवा. दुसरी, साधने गावातूनच घ्या. मोजणीसाठी चिंचोके, वर्गीकरणासाठी ज्वारीचे दाणे आणि तुरीच्या शेंगा पुरेशा आहेत. तिसरी गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. पुस्तकात मूल असा शब्द असतो आणि घरात लेकरू म्हणतात. घरची बोली चुकीची ठरवून मुलाला गप्प करू नका. तिच्यावरूनच त्याला प्रमाणभाषेपर्यंत न्या. बोलीत उत्तर देणाऱ्या मुलाला उत्तर येत असते. ते ओळखता येणे ही शिक्षकाची पात्रता आहे.

समारोप

ताराबाईंचे मोठेपण सांगताना त्यांच्या संस्था आणि सन्मान यांची यादी सहज देता येते. परंतु या चरित्राचा कणा 1923 सालच्या निर्णयात आहे. इतरांना शिकवायला शिकवण्याचा अधिकार हाती असताना, आपल्याला अजून शिकायचे आहे हे त्यांनी ओळखले आणि त्यासाठी स्थैर्य सोडण्याची किंमत मोजली. सरावपाठ हा परीक्षेचा भाग असला तरी त्यातील शिकणे परीक्षेबरोबर संपत नाही. एकतिसाव्या वर्षी भावनगरला आणि त्रेपन्नाव्या वर्षी बोर्डीला नव्याने सुरुवात करणाऱ्या ताराबाईंच्या चरित्रातून हे आपल्याला स्पष्ट दिसते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. राजकोटचे पद सोडण्याचा निर्णय या चरित्राच्या केंद्रस्थानी का ठेवला आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
2. भावनगर आणि बोर्डी येथील ताराबाईंच्या शिकण्यातील साम्य व फरक स्पष्ट करा.
3. तुमच्या गावातील अंगणवाडीत एक तास बसून एका मुलाचे अवलोकन करा आणि त्याने वापरलेल्या बोलीतील दहा शब्दांची नोंद करा.