कुलवृत्तांतात न मावणारी नोंद : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

कुलवृत्तांत या मराठी लेखनप्रकाराची चौकट ठरलेली असते. मूळ पुरुष, मूळ गाव, स्थलांतराचे कारण, शाखाविस्तार आणि मग एकेका व्यक्तीपुढे जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचे माहेरचे नाव, अपत्ये, मृत्यू. माणूस कितीही दूर गेला तरी नोंद त्याला पुन्हा घराण्यात आणून बसवते. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे चरित्र या चौकटीत ठेवून पाहिले, तर एकही रकाना रिकामा राहत नाही. मात्र पत्नीचे माहेर आणि अपत्ये या दोन रकान्यांशी आल्यावर ती चौकट अपुरी पडू लागते. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा आढावा याच अंगाने घेतला आहे. त्यांच्या शौर्याची आणि त्यागाची कथा वाचकांना परिचित आहे. ती येथे आवश्यक तेवढीच येईल.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात, एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. भावंडांचा परिवार मोठा होता. कोटणीस हे आडनाव अधिकारदर्शक, फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्या पंक्तीतले. त्यातील ‘नीस’ हे लिहिणारा या अर्थाच्या ‘नवीस’ या फारसी शब्दाचे मराठी वळण. म्हणजे आडनावातच एका जुन्या भाषिक स्थलांतराची खूण आहे. ज्या गावात ते वाढले ते गावही अशाच स्थलांतरितांचे. सोलापूरच्या कापडगिरण्यांनी आणि हातमागांनी तेलंगणातून पद्मशाली विणकर आणले. कन्नड बोलणारे लिंगायत आणि उर्दू बोलणारे मोमीन येथे होतेच. एका गल्लीत तीन भाषा ऐकू येणे ही सोलापूरकरांना नवलाईची गोष्ट वाटत नाही. चीनमध्ये गेल्यावर कोटणिसांनी परकी भाषा लवकर आत्मसात केली याचे आश्चर्य अनेक चरित्रकारांना वाटते. सोलापुरात राहिलेल्या माणसाला ते तितकेसे वाटू नये.

१९३० च्या मे महिन्यात सोलापुरात गोळीबार आणि त्यामागोमाग लष्करी कायदा आला, तेव्हा कोटणीस विशीच्या उंबरठ्यावर होते. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आले. या घटनांचा त्यांच्या मनावर नेमका काय परिणाम झाला याचा तर्क करणे सोपे आहे, म्हणूनच तो येथे केलेला नाही. एवढे खरे की मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन पदव्युत्तर शिक्षणाच्या वाटेवर असलेल्या या तरुणाने १९३८ मध्ये ती वाट सोडली.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले होते. राष्ट्रीय सभेचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधीचे आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक उभे राहिले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघाले. कँटन, वुहान, यीचांग असे युद्धाच्या रेट्यापुढे सरकत ते चुंगकिंगला पोहोचले.

चुंगकिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. चरित्रग्रंथांत त्या वेगवेगळ्या पानांवर येतात. त्या एकत्र वाचायला हव्यात. तेथे कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परत फिरण्यास याहून सबळ कारण कोणते असणार? सहकाऱ्यांनीही त्यांनी घरी जावे असे सुचवले. ते गेले नाहीत. आणि याच मुक्कामात त्यांना नवे नाव मिळाले. शांतिनिकेतनातील चीनभवनाचे संचालक तान युन-शान तेव्हा चुंगकिंगमध्ये होते. त्यांनी पाचही डॉक्टरांच्या नावांची चिनी रूपे सिद्ध केली आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस या आडनावातील पहिले दोन उच्चार चिनी वळणाने घेऊन त्यांचे नाव झाले को दीहुआ. वडिलांनी ठेवलेले द्वारकानाथ हे नाव त्यात कोठेच उरले नाही. आडनाव उरले ते अर्धे. त्यातला ‘नीस’, म्हणजे तो लिहिणारा कारकून, गळाला. चिनी रीतीप्रमाणे कुलनाम आधी येते. कोटणिसांचा आद्य उच्चार ‘को’ हा अशा रीतीने, त्या क्षणी कोणाच्या ध्यानीमनी नसताना, एका नव्या कुळाचे नाव झाला. ज्या मुक्कामी वडील गेल्याचे कळले, त्याच मुक्कामी हे घडले.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. त्याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी भारतात परतले. चोळकर गेल्यानंतर पथकात मराठी बोलणारा दुसरा माणूस राहिला नाही, ही बाब सहसा नोंदवली जात नाही. अटलही पुढे परतले. बसू आणि कोटणीस उत्तरेकडील शान्सी-चाहार-होपेई सीमाप्रदेशातील आघाडीवर गेले. नंतर बसू येनानला माघारी आले आणि कोटणीस तेथेच राहिले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने मरण पावले होते. रुग्णालय त्यांच्या नावाचे होते. रुग्णालय म्हणजे खेड्यापाड्यांतली घरे. शत्रू जवळ आला की जखमींसह तेथून हलायचे. औषधे अपुरी, हत्यारे अपुरी.

येथे ते चिनी भाषेत शिकवत आणि शस्त्रक्रियेवर चिनीतच पाठ्यपुस्तक लिहीत. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या लेखनाकडे लक्ष द्यायला हवे असे वाटते. पत्रव्यवहारापुरती किंवा बाजारापुरती परभाषा येणे वेगळे, आणि त्या भाषेत शास्त्र मांडणे वेगळे. ज्या आडनावातून ‘लिहिणारा’ गळाला होता, तो येथे दुसऱ्या लिपीत परत आलेला दिसतो. जखमी सैनिक त्यांना काळी आई म्हणत असेही सांगितले जाते. हे चिनी संबोधन त्यांच्या वर्णावरून आणि मायेवरून आलेले. पण काळ्या मातीच्या सोलापुरात या दोन शब्दांना जो अर्थ आहे, तो त्या सैनिकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोटणिसांना होता.

बेथ्यून यांच्या समाधीच्या अनावरणाच्या वेळी, १९४० मध्ये, गुओ छिंगलान यांनी त्यांना प्रथम पाहिले. त्या शान्सी प्रांतातील फेनयांगच्या. पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजात परिचारिकेचे शिक्षण घेऊन बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत शिकवत होत्या. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचा विवाह झाला. कुलवृत्तांताच्या भाषेत माहेर फेनयांग, सासर सोलापूर. पण सासर त्यांनी पाहिलेले नव्हते आणि पती हयात असताना त्या ते पाहू शकल्या नाहीत. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सीमाप्रदेशाचे सेनापती न्येह जुंग-चेन यांनी त्याचे नाव सुचवले : यिन्हुआ. यिन म्हणजे भारत. हुआ तेच, जे बापाला चुंगकिंगमध्ये मिळाले होते. द्वारकानाथ हे नाव शांतारामांच्या मुलाचे होते, यिन्हुआ हे को दीहुआंच्या मुलाचे. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणिसांनी चीनच्या साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले होते. त्यांच्या या निर्णयाला आपल्याकडील चरित्रलेखनात एका वाक्याहून अधिक जागा क्वचितच मिळते. तो वगळला तर ते चीनमध्ये पाहुणे म्हणून राहिले असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे.

अपस्माराचे झटके त्यांना काही काळापासून येत होते. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे होपेई प्रांतातील तांग जिल्ह्यातल्या गेगोंग या खेड्यात त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पाठ्यपुस्तक अपुरे.

बसू १९४३ मध्ये भारतात परतले. त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा हिंदी चित्रपट काढला. कोटणिसांची भूमिका त्यांनी स्वतःच केली. म्हणजे सोलापूरच्या माणसाची गोष्ट कोल्हापूरच्या माणसाने सांगितली ती हिंदीत, इंग्रजी पुस्तकावरून, बंगाली सहकाऱ्याच्या साक्षीने. मराठी वाचकाच्या मनातील कोटणीस बहुतांशी या चित्रपटातून आलेले आहेत. चित्रपटाला नायकाचा मृत्यू पुरेसा होता.

घराण्याची गोष्ट मात्र तेथे थांबत नाही. यिन्हुआ मोठा झाला, वडिलांप्रमाणे वैद्यकशास्त्राकडे वळला आणि १९६७ मध्ये, शिक्षण चालू असतानाच, वयाच्या पंचविशीच्या आत मरण पावला. चुंगकिंगमध्ये सुरू झालेले ‘को’ हे कुळ तीस वर्षांच्या आत संपले. कुलवृत्तांतात अशा ठिकाणी शाखा खुंटली असे लिहिण्याचा प्रघात आहे. येथे तो शब्द लिहिताना हात अडखळतो, कारण खुंटली ती शाखा कोणाची, कोटणिसांची की को यांची, हे ठरवता येत नाही.

गुओ छिंगलान १९५८ मध्ये प्रथम भारतात आल्या आणि नंतरही अनेकदा आल्या. दीर, नणंदा यांच्याशी त्यांचे नाते राहिले. ज्याच्यामुळे ते जुळले तो नसताना आणि ज्याच्यामार्फत ते पुढे जायचे तो मुलगाही गेल्यानंतर. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणिसांची समाधी आहे. भारतीय डाक विभागाने १९९३ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. सोलापुरात भैय्या चौकातील त्यांच्या घराचे स्मारकात रूपांतर होऊन ते १ जानेवारी २०१२ रोजी खुले झाले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, गुओ छिंगलान दालियन येथे वारल्या.