सावित्रीबाईंनाही आधी शिकावे लागले

पेडणे-डिचोलीकडच्या मराठी प्राथमिक शाळांत आज कन्नड आणि हिंदी बोलणारी मुले आपल्या मुलांशेजारी बसतात. औद्योगिक वसाहती, बांधकामे, मोपाचा विमानतळ, अशा कामांवर त्यांचे आईबाप आले. आपल्या शब्बाथ शाळांतही तीच मुले येतात. अशाच एका वर्गात एका मुलाने दुसऱ्याला ‘घाटी’ म्हटलेले मी ऐकले. शिक्षिकेने ऐकून न ऐकल्यासारखे केले. खरे सांगायचे तर मीही गप्प बसलो. घरी आल्यावर सावित्रीबाई फुले यांचे चरित्र पुन्हा काढून वाचले. त्याही घाटावरच्याच.

सातारा जिल्ह्यातील नायगावी 3 जानेवारी 1831 रोजी, माळी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. 1840 साली जोतीरावांशी विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनी पत्नीला घरीच शिकविले. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पण लिहावाचायला येणे निराळे आणि शिकवायला येणे निराळे. सावित्रीबाईंनी पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलात आणि अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) मिस सिंथिया फरार यांच्याकडे अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले. आपण मात्र शब्बाथ शाळेचा वर्ग ज्याला रविवारी वेळ असेल त्याच्या हाती देतो!

मिस फरार 1827 साली अमेरिकन बोर्डातर्फे मुंबईस आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या आणि 1862 साली तेथेच प्रभूमध्ये निजल्या. मुलींच्या शाळा हेच त्यांचे आयुष्य. जोतीरावांनी त्यांची शाळा पाहूनच प्रेरणा घेतली. परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी स्त्री, असे मिस फरारांचे वर्णन आपण वाचतो. ते पुरते खरे नाही. त्यांच्याआधी, 1822 साली, गुलामीत जन्मलेली बेट्सी स्टॉक्टन ही कृष्णवर्णीय भगिनी हवाई बेटांस निघाली होती आणि तेथील सामान्य लोकांसाठी तिने शाळा चालविली. तिचेच नाव कसे गळाले, याचा मंडळीने विचार करावा.

1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना लोक सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल-शेण टाकीत, असे सांगतात. 1852 साली वेताळपेठेत अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. हे काम अधिक अवघड होते. महार आणि मांग दोघेही गावाबाहेरचे, तरी आपसांत उच्चनीच पाळणारे. त्यांना एका ठिकाणी बसवून शिकवायचे तर शिक्षकाचे स्वतःचे मन आधी स्वच्छ असावे लागते.

त्या शिक्षणाचे फळ आपल्याच ‘ज्ञानोदया’त पाहावयास मिळते. अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली अहमदनगरला सुरू केलेल्या या पत्रात 1855 साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ताबाई या 14 वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. आपल्या बायका डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात, त्यांना थंडीवाऱ्यात काय सोसावे लागते, हे तिने स्वतःच्या लेखणीने मांडले. तिच्याविषयी दुसऱ्या कोणाला बोलावे लागले नाही.

सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. हे आपण प्रामाणिकपणे सांगावे आणि तरीही त्यांच्याकडून शिकावे. 1856 साली माहेरी आजारी असताना त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमा या सहकारी बाईवर कामाचा भार पडत असेल, याची काळजी त्यात आहे.

1897 साली पुण्यात प्लेग पसरला. ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला त्यांचा दत्तक पुत्र डॉ. यशवंत याने गावाबाहेर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग नावाच्या आजारी मुलाला 66 वर्षांच्या सावित्रीबाईंनी पाठीवर घेतले आणि तेथवर नेले. त्यांनाही लागण झाली. 10 मार्च रोजी त्या गेल्या. मुलगा वाचला, असे सांगतात.