दुखण्याचा नकाशा काढणारे डॉ. हेड

मुतखडा सरकला की कळ कुशीतून निघते आणि जांघेत उतरते. बिघाड मूत्रमार्गात आणि दुखते मात्र कंबर! या कोड्याचा पद्धतशीर मागोवा घेणाऱ्या डॉक्टरांमध्ये सर हेन्री हेड यांचे नाव मोठे आहे.

हेड यांचा जन्म १८६१ साली लंडनमध्ये झाला. केंब्रिज आणि प्राग येथे शिकून ते लंडनच्या रुग्णालयांत काम करू लागले. पोटातील अवयवांचे आजार असलेल्या रुग्णांची त्वचा ते टाचणीने तपासत. प्रत्येक अवयवाच्या आजारात त्वचेचा ठरावीक पट्टा हुळहुळा होतो, असे त्यांना आढळले. नागिणीचे पुरळही अशाच पट्ट्यांत उठते. दोन्ही ताडून त्यांनी शरीराचा नकाशा तयार केला. त्यावरील त्यांचा लेख १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते पट्टे आजही हेड यांच्या नावाने ओळखले जातात.

यामागचे कारण मज्जारज्जूत आहे. मूत्रपिंडाचे आणि कुशी-जांघेच्या त्वचेचे संवेदनातंतू मज्जारज्जूत साधारण एकाच पातळीवर शिरतात. पुढे मांजरे व माकडांवरील प्रयोगांत दिसले, की तिथल्या अनेक मज्जापेशी मूत्रपिंड आणि त्वचा या दोघांच्याही संदेशांना प्रतिसाद देतात. मेंदूला सवय त्वचेच्या निरोपांची. त्यामुळे आतली कळही तो बाहेरच्या खात्यात मांडतो.

१९०३ मध्ये हेड यांनी स्वतःच्या डाव्या हाताची संवेदना वाहणारी नस शस्त्रक्रियेने कापून घेतली. संवेदना कशी परतते, हे त्यांचे मित्र डॉ. रिव्हर्स यांनी चार वर्षांहून अधिक काळ तपासले. पुढे हेड यांनाच कंपवाताने गाठले. संवेदनांचा अभ्यास करणाऱ्या या डॉक्टरांचे स्वतःचे शरीर हळूहळू परावलंबी झाले. १९२७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, १९४० मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या नकाशाचा धडा आपल्याही कामाचा आहे. स्नायूचे दुखणे बहुधा हालचालीने वाढते आणि विश्रांतीने कमी होते. मुतखड्याची कळ कूस बदलूनही थांबत नाही. कळीसोबत थंडी-ताप, उलट्या, लघवीत रक्त किंवा लघवी बंद होणे यांपैकी काही असेल, तर बाम चोळत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.