भुकेल्याचा हक्क आणि हजरत उमर (रजि.)

ज्याला कमावता येत नाही, त्याला दोन वेळचं अन्न देणं हा उपकार की त्याचा हक्क? हा प्रश्न निघाला की आम्हाला हजरत उमर बिन खत्ताब (रजि.) आठवतात.

मक्केच्या कुरैश कबिल्यातले हजरत उमर सुरुवातीला इस्लामचे कडवे विरोधक होते. पुढे इ.स. ६३४ मध्ये ते दुसरे खलिफा झाले. राज्य शाम, इराक, मिसरपर्यंत पसरलं आणि महसूल मदीनेत येऊ लागला. त्याच्या वाटपासाठी त्यांनी दिवाण, म्हणजे नावनिशीवार नोंदवही सुरू केली.

या नोंदीनुसार मुलांनाही भत्ता मिळे, पण आईचं दूध सुटल्यावर. एका रात्री मदीनेत उतरलेल्या काफिल्यातलं बाळ सारखं रडत होतं. चौकशी केली तर कळलं, भत्ता लवकर मिळावा म्हणून आई त्याचं दूध तोडत होती. आपल्याच नियमाने किती बाळं उपाशी राहिली असतील, या विचाराने खलिफा हादरले. तेव्हापासून जन्मताच भत्ता सुरू झाला.

इमाम अबू युसूफ यांच्या किताबुल खराजमध्ये आणखी एक प्रसंग आहे. एक आंधळा, म्हातारा यहुदी दारोदार भीक मागत होता. खलिफांनी त्याला घरी नेऊन जे होतं ते दिलं, त्याचा जिझिया माफ केला आणि बैतुलमालमधून त्याची सोय लावली. तरुणपणी ज्याच्याकडून कर घेतला, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणं त्यांना अन्याय वाटलं.

हिजरी १८ मध्ये मोठा दुष्काळ पडला. शाममधून धान्य मागवून लोकांना जेवण दिलं गेलं. खुद्द खलिफांनी तूप सोडलं. चोरीची ठरलेली शिक्षाही त्या वर्षी स्थगित ठेवली, कारण चोरी करणाऱ्याला भुकेनेच त्या वाटेला लावलं असेल तर दोष एकट्याचा कसा?

इ.स. ६४४ मध्ये फजरच्या नमाजात त्यांच्यावर खंजिराने वार झाले. लाखोंचा खजिना सांभाळणारे हजरत उमर डोक्यावर कर्ज ठेवून गेले. ते फेडण्याची जबाबदारी त्यांनी मुलावर सोपवली.

आता आपल्याकडे बघा. रमजानमध्ये राशनचे किट वाटले जातात, सोबत फोटोही निघतात. घेणाऱ्याची मान खाली जाते. आपला हक्क घेताना मान खाली का जावी? यंदा आपल्या मोहल्ल्यातल्या विधवा, अपंग, म्हाताऱ्यांची यादी आपणच करू या. त्यांना मागायला येण्याची वेळ यायला नको.